बार्शीची नोंदवही आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायका

बेंबळीच्या स्मरणिकेत बार्शीच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. आपल्याकडचा दुखणेकरी धाराशिवला बरा झाला नाही की तो एकतर सोलापूरची गाडी धरतो, नाहीतर येडशीमार्गे बार्शी गाठतो. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, आपण मराठवाड्यात. पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांनी ही हद्द कधी मानली नाही. दुसरे कारण जास्त वजनाचे आहे. या संस्थेचे सर्वांत मोठे काम बार्शी गावात झालेच नाही. ते आपल्या जिल्ह्यात, आपल्या आया-मावश्यांच्या भरवशावर झाले. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात ते छापून आले. तेव्हापासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्याला, मग तो जगात कुठेही असो, 'उस्मानाबाद' हे आपल्या जिल्ह्याचे जुने नाव माहीत असते. जिल्ह्यात मात्र ते काम कुणी फारसे ऐकलेले नाही. ज्या बायकांनी त्या कागदांवर सह्या केल्या, अंगठे उठवले, त्यांच्या सुना-नातींनासुद्धा नाही.

नर्गिस दत्त यांचे ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या नावाने देशात जी कामे उभी राहिली, त्यांतले एक म्हणजे बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. ते चालवणारी संस्था अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी. डॉ. भगवान नेने हे या कामातले प्रमुख नाव. तालुक्याच्या गावी कर्करोगाचे रुग्णालय असणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. तिथे संशोधनही करायचे म्हणजे जरा धाडसच. पण त्याच धाडसामुळे या संस्थेचा इतिहास लिहिण्याजोगा झाला. इमारती, यंत्रे आणि देणगीदार यांची माहिती अशा लेखांत नेहमी येते. मी ती इथे देणार नाही. मला सांगायचे आहे ते एका नोंदवहीबद्दल.

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या डॉ. दारा जस्सावाला यांनी १९६३ साली कर्करोगाची नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, तोही मुंबई, मद्रास आणि बंगळूर या शहरांपासून. म्हणजे भारतात किती जणांना कर्करोग होतो हे सांगणारे आकडे सगळे शहरांतले होते आणि देश राहत होता खेड्यांत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदणी सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिच्या कक्षेत बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे घेतली. पहिला तालुका सोलापूरचा, उरलेले दोन आपले.

नोंदणी म्हटले की रजिस्टर घेऊन बसलेला कारकून डोळ्यांपुढे येतो. शहरात ते काम बऱ्याच अंशी तसेच चालते. रुग्णालये, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि महापालिकेची मृत्यूनोंद या तीन ठिकाणी चक्कर टाकली की बहुतेक रुग्ण हाती लागतात. खेड्यात यातले काहीच नव्हते. बाई अंगावर दुखणे काढते. अंगावरून पांढरे जाते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते, कंबर धरते. ती आधी घरगुती उपाय करते, मग देवऋषी, मग गावातला डॉक्टर. तुकडा काढून तपासणीला पाठवायची वेळ येते तेव्हा सोयाबीनची काढणी असते, नाहीतर पैसे नसतात. बाई घरीच जाते. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तारीख येते, कारण येत नाही. आले तर ते काहीही असते. दवाखान्याच्या कागदांवर विसंबले असते, तर परंडा-भूममध्ये कर्करोग जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष निघाला असता आणि तो खोटा असता.

म्हणून बार्शीच्या माणसांनी वही घेऊन गावोगाव फिरायचे ठरवले. एकदाचे काम म्हणून नव्हे, तर पुन्हापुन्हा, ठरलेल्या फेरीने. सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मास्तर, अंगणवाडीच्या बाई, दाई, औषध देणारा कुणीही, ज्याच्या कानावर गावातले आजारपण येते त्याच्याशी ओळख करायची. चावडीवर किंवा मंदिराच्या ओसरीवर लोक जमवायचे आणि कर्करोगाची लक्षणे सांगायची: गिळायला त्रास, तोंडात न भरणारी जखम, छातीत गाठ, नको त्या वेळी अंगावर जाणे. ज्यांना असे काही असेल त्यांना बार्शीला आणून तपासायचे. मग खात्री झालेल्या रुग्णाचा तक्ता भरायचा. त्यात नाव, वय, गाव, रोगाची जागा, निदान कशावरून केले, किती पुढे गेलेला आहे. आणि एक खुबीचा रकाना: ही व्यक्ती या भागात निदान वर्षभर राहते आहे का? कारण लेकीकडे उपचाराला आलेली पुण्याची आई इथल्या आकड्यांत घ्यायची नाही आणि इथून मुंबईला टाटा रुग्णालयात गेलेला माणूस सोडायचा नाही. एका रुग्णाचे दोन-दोन तक्ते होत, नावे उलटसुलट लागत, बाई सासरच्या नावाने एका ठिकाणी आणि माहेरच्या नावाने दुसऱ्या ठिकाणी सापडे. हे सगळे जुळवत बसणे हेच नोंदणीचे खरे काम आणि त्यात कुठलाही गाजावाजा नसतो.

या कामाला शास्त्राची शिस्त देणाऱ्यांत डॉ. कस्तुरी जयंत यांचे नाव अग्रभागी आहे. कर्करोगाच्या आकडेशास्त्रात त्या मुरलेल्या होत्या. नोंदणीचे पहिले आकडे बाहेर आले तेव्हा दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. खेड्यातले कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होते. त्यावर खूश व्हावे, तर दुसरी गोष्ट समोर: बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्याकडे म्हणतात त्या पिशवीच्या तोंडाचा कर्करोग सगळ्यांच्या वर होता, आणि बाकीचे त्याच्या खूप खाली. मुंबईत तेव्हा स्तनाचा कर्करोग पुढे सरकत होता. बार्शी-परंडा-भूममध्ये तसे चित्र नव्हते.

तिसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली, आणि माझ्या मते या संस्थेच्या पहिल्या दहा वर्षांतली ती सर्वांत मोलाची. नोंदणी ही मोजण्यासाठी होती, उपचारासाठी नव्हे. पण मोजायला गेलेली माणसे लक्षणे सांगत होती, बायकांना तपासणीला आणत होती. दोन-चार वर्षांनी पाहिले, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये ही गोष्ट आकड्यांसह छापली गेली. पुढच्या काळात जगण्याचे प्रमाणही सुधारल्याचे दाखवले गेले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त कुणीतरी दारात येऊन विचारले एवढाच फरक. मोजणी करणारा बाजूला उभा राहून मोजतो हे पुस्तकातले तत्त्व. खेड्यात त्याला बाजूला उभे राहता येत नाही. शुद्ध संशोधनाच्या दृष्टीने हा दोष म्हणता येईल. मी त्याला दोष म्हणणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लोहारा-उमरग्याकडची गावे आडवी झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात इतके सर्वेक्षण करणारे आले की वही-पेन घेतलेल्या माणसाला लोक पाणी द्यायच्या आधी 'पुन्हा काय लिहून नेता?' असे विचारू लागले. या वातावरणात ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीचे कार्यकर्ते आपल्या जिल्ह्यात एक नवा प्रश्न घेऊन आले: तीस ते एकोणसाठ वयाच्या किती बायका घरात आहेत?

मागची कहाणी अशी. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूची लागण शरीरसंबंधातून होते, बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो मुक्काम करतो त्यांच्या पेशी हळूहळू बिघडत जातात आणि त्याचा कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे मध्ये दहा वर्षांची सवड असते आणि त्या सवडीत बिघडलेला भाग शोधून काढून टाकला तर बाई वाचते. श्रीमंत देशांत पॅप तपासणीने, म्हणजे पेशींचा लेप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, हेच केले आणि तिथला मृत्यूदर खाली आणला. पण ती तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि काच पाहणारा डोळा तयार व्हायला वर्षे जातात. आपल्याकडे दोन्ही नव्हते. मग गरीब देशासाठी कोणती तपासणी, आणि आयुष्यात एकदाच करता आली तर कोणती? हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील ल्योंच्या कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे प्रतिबंधात्मक कर्करोग विभागातले डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीची मंडळी यांनी मिळून घेतला. त्या वेळी टाटाच्या संचालक डॉ. केतायून दिनशॉ होत्या.   पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा, गर्भाशयमुख कर्करोग प्रतिबंधासाठी एकत्र आलेल्या संस्थांच्या आघाडीमार्फत.

असे काम कुठेही करता आले नसते. त्यासाठी असा भाग हवा होता जिथे बायकांची तपासणी झाल्यावर आठ-दहा वर्षांनी त्यातल्या कुणाला कर्करोग झाला, कोण गेली, हे नेमके सांगता येईल. म्हणजे चालती, भरवशाची ग्रामीण नोंदणी हवी. भारतात ती बार्शीच्या पंखाखाली होती आणि तिची व्याप्ती आता आपल्या जिल्ह्यावर नेण्यात आली. ३४६ गावांत बारा वर्षे घासलेली पावले इथे कामाला आली.

जिल्ह्यातली सुमारे पाचशे गावे ५२ समूहांत वाटली गेली. मग चिठ्ठी पडली, म्हणजे संगणकाने पडली, आणि तेरा-तेरा समूहांचे चार गट झाले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यातल्यांची पॅप, तिसऱ्यातल्यांची व्हीआयए, आणि चौथ्या गटात तपासणी नाही. तिथे लक्षणांची माहिती द्यायची आणि नेहमीची जी सेवा मिळते ती मिळू द्यायची. एकूण १,३१,७४६ बायका. कोणत्या गावाला कोणती चिठ्ठी आली ही गोष्ट गावाच्या हाती नव्हती.

यातली व्हीआयए म्हणजे काय, हे जरा जवळून सांगायला हवे, कारण पुढे सरकारने हीच तपासणी उचलली. नर्स यंत्राने योनिमार्ग उघडते, दिव्याच्या उजेडात गर्भाशयाचे तोंड पाहते आणि त्यावर चार टक्के ताकदीचे अॅसिटिक आम्ल कापसाने लावते. हे आम्ल म्हणजे व्हिनेगरचाच भाऊ. मिनिटभर थांबायचे. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडलेला भाग पांढरा पडतो, कडा ठसठशीत दिसतात. तिथल्या तिथे निकाल. याउलट एचपीव्हीसाठी ब्रशने पेशी घेऊन कुपीत टाकायच्या आणि ती कुपी बार्शीच्या प्रयोगशाळेत जायची.  त्या काळी बार्शीतच ती तपासणी होत होती, काचा तिथेच वाचल्या जात होत्या. नमुने मुंबईला पाठवून कुणी महिनाभर वाट पाहत बसले नाही. या कामाला नेमलेल्या नर्सबाई याच भागातल्या, प्रशिक्षण देऊन तयार केलेल्या. डॉक्टर मागे, बाई पुढे अशीच रचना होती आणि ती बरोबर होती. गावातली बाई आतली तपासणी पुरुष डॉक्टरकडून करून घेईल, ही अपेक्षाच चुकीची.

घरोघरी बोलावणे जायचे. दुपारी सुना रानात, म्हणून सकाळी किंवा सांजेला. सगळे नीट समजावून सांगायचे, लेखी संमती घ्यायची, सही नाहीतर अंगठा. 'मला काही होत नाही, मग कशाला?' हे उत्तर सर्रास. त्यापाठोपाठ सासूची परवानगी, मालकाची परवानगी, आणि बाजूच्या घरातली कुणी आधी जाऊन आली की नाही याची चौकशी. शेजारीण धडधाकट परत आली की निम्मे काम झाले. तपासणीच्या तीन गटांतल्या बोलावलेल्या बायकांपैकी जवळपास ८० हजार जणी आल्या. कोण आल्या आणि कोण नाही, हेही पुढे तपासून छापले: तिशीतल्या, शिकलेल्या आणि लग्न झालेल्या जास्त आल्या. वयस्क आणि निरक्षर बायका मागे राहिल्या, म्हणजे ज्यांना आजाराचा धोका जास्त त्याच. ही गोष्ट प्रत्येक आरोग्य शिबिराच्या आयोजकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. फलक आणि मंडप पाहून येणारी माणसे बहुधा ती नसतात ज्यांच्यासाठी मंडप घातला.

२००३ मध्ये तपासणीचा टप्पा संपला, आणि इथून पुढची गोष्ट मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते. त्या वेळचे आकडे असे होते: दोषी निघालेल्या बायकांचे प्रमाण व्हीआयएत १४ टक्के, एचपीव्हीत १०.३ टक्के आणि पॅपमध्ये ७ टक्के. पण कर्करोगाच्या आधीची खरी गंभीर विकृती सापडण्याचे प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखे, एक टक्क्याच्या आसपास. तपासणीत दोषी निघालेल्यांना दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहणे, तुकडा काढणे, गरज असेल तिथे गोठवून तो भाग नष्ट करणे हे सगळे केले गेले. गंभीर विकृती असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त बायकांवर उपचार झाले. इथेच थांबले असते तर निष्कर्ष काय निघाला असता? तिन्ही तपासण्या सारख्याच, तेव्हा सर्वांत स्वस्त असलेली व्हीआयए घ्या आणि मोकळे व्हा. २००५ मध्ये हे आकडे छापलेही गेले आणि अनेकांनी असाच अर्थ काढला.

पण बार्शीची नोंदवही बंद झाली नव्हती. तपासणी झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या बायकांमागे ती २००७ पर्यंत चालत राहिली. कोणत्या गावात कुणाला कर्करोग निघाला, किती वाढलेला होता, कोण कशाने गेली. आठ वर्षांचा हिशेब लागला तेव्हा चित्र पार बदलले. तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना कर्करोग निघाला, त्यातले ८२ पुढे गेलेले. एचपीव्ही गटात १२७ निघाले, म्हणजे आकडा थोडा जास्तच, पण पुढे गेलेले फक्त ३९. बाकीचे लवकर पकडले गेले म्हणून आकड्यात आले. मृत्यू? तपासणी न झालेल्यांत ६४, एचपीव्ही गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए गटांत मात्र तपासणी न झालेल्यांच्या तुलनेत मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट: ज्यांना 'तुम्हाला काही नाही' असे सांगून परत पाठवले, त्यांच्यात पुढे कर्करोग निघण्याचे वार्षिक प्रमाण एचपीव्हीच्या बाबतीत दर लाखामागे ३.७ होते, पॅपमध्ये १५.५ आणि व्हीआयएत १६. म्हणजे 'नाही' हा शब्द एचपीव्ही तपासणी चारपट खात्रीने उच्चारत होती. २००३ मध्ये तिन्ही सारख्या वाटलेल्या तपासण्यांतला हा फरक फक्त पाठपुराव्याने दाखवला. 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या ज्या अंकात हे छापले, त्यातल्या संपादकीयाला भारतातून जगासाठी एक चांगली वाट सापडली अशा अर्थाचे शीर्षक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, आणि ती देताना ज्या पुराव्यांकडे पाहिले त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या बायका होत्या.

आता ती चौथी चिठ्ठी. ३१,४८८ बायका अशा होत्या ज्यांची तपासणी मुद्दाम केली गेली नाही, आणि त्यांच्यातल्या ६४ जणी या रोगाने गेल्या. यावर वाद झाला आणि तो हलका नव्हता. मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुल इथल्या अशाच अभ्यासांसह आपल्या जिल्ह्यातल्या या अभ्यासावर २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये जोरदार टीका झाली. पॅप तपासणी कर्करोग रोखते हे दशकानुदशके माहीत असताना बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजायचे का, हा मुद्दा होता. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की त्या वेळी या बायकांना कुठूनही कुठलीच तपासणी मिळत नव्हती. संशोधनाने त्यांचे काही काढून घेतले नाही. आणि तुलनेचा गट नसता तर एचपीव्हीचा फायदा सिद्ध झाला नसता. संस्थेच्या स्मरणिकांत असले वाद वगळायची रीत आहे. मला ती पटत नाही. माझे मत असे: त्या काळच्या नियमांत बसणारे ते काम होते, आणि तरीही त्या ३१ हजार बायकांचे जगावर ऋण आहे. ते ऋण फेडायचे असेल तर निदान त्यांच्या गावांना आधी तपासणी मिळायला हवी होती. ज्या संशोधनातून जगाला उत्तर मिळाले, त्या उत्तराचा पहिला हक्कदार ज्याच्या घरातून प्रश्न सुटला तो असतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या अभ्यासात व्हीआयए दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हेही इथे सांगायला हवे. नाहीतर व्हीआयए निरुपयोगी असा चुकीचा समज व्हायचा. एकदाच केली तर ती पुरत नाही, वारंवार आणि चांगल्या हातांनी केली तर उपयोगी पडते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए असा आराखडा काढला. कागदावर चांगला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के.

आणि याच काळात शेजारच्या बीड जिल्ह्यात काय चालले होते ते २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचले: ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्या, अंगावर पांढरे जाते एवढ्या कारणावरून, 'नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालून. आपल्या जिल्ह्यातूनही तोडीला टोळ्या जातातच. ब्रशने घेतलेली एक कुपी आणि गरज पडली तर दहा-पंधरा मिनिटांचा गोठवण्याचा उपचार, एवढ्याने ज्याचा निकाल लागतो त्यासाठी तिशीतल्या बाईची पिशवी काढायची. यावर चिडल्याशिवाय लिहिता येत नाही.

बार्शीची गोष्ट तिथे संपली नाही. २००९ मध्ये एचपीव्ही लसीच्या दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा मोठा अभ्यास देशातल्या नऊ ठिकाणी सुरू झाला. त्यात बार्शी होती. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून गदारोळ उठला आणि सरकारने एचपीव्ही लसीच्या सगळ्या अभ्यासांतले लसीकरण थांबवले. ज्या मुलींचा एकच डोस झाला होता त्या तशाच राहिल्या, जवळजवळ पाच हजार. अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचे काय करायचे? बहुतेकांनी फाईल बंद केली असती. या मंडळींनी पाठपुरावा चालू ठेवला आणि २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'मध्ये निकाल आला: विषाणूच्या १६ आणि १८ या दोन घातक प्रकारांच्या चिवट लागणीपासून एकाच डोसाने सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले, दोन-तीन डोसांइतकेच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लसतज्ज्ञांनी एक डोसही चालेल असे सांगितले, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास होता. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही देशी लसही त्याच वर्षी मंजूर झाली. बंद पडलेला अभ्यास जगाच्या उपयोगी पडला तो सुदैवाने नव्हे. कोणत्या मुलीला किती डोस दिले हे नीट लिहून ठेवलेले होते आणि तिला पुन्हा शोधून काढायची सवय संस्थेला होती.

बार्शीला काम केलेल्या माणसांनी पुढे हीच पद्धत बाहेर नेली. टाटाचे डॉ. अतुल बुदुख हे त्यातले एक. रत्नागिरीला, पंजाबात संगरूर-मानसा भागात, वाराणसीला ज्या नोंदण्या उभ्या राहिल्या त्यांच्यामागे बार्शीचा धडा आहे: कागद आपल्याकडे येत नसेल तर आपण कागदाकडे जायचे. खुद्द बार्शीच्या नोंदणीची कक्षा धाराशिव आणि बीड जिल्ह्यांपर्यंत वाढली.

बेंबळीच्या वाचकांना शेवटी एक विनंती, ती या इतिहासातूनच निघते. घरात कुणाला कर्करोग झाला आणि तो माणूस गेला, की त्याची फाईल आपण ट्रंकेत टाकतो, नाहीतर दिवस झाल्यावर घरातला पसारा आवरताना जाळून टाकतो. ती ठेवा. तुकडा तपासणीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, किरणोपचाराचा कागद, जे असेल ते. मृत्यूचा दाखला काढताना ग्रामसेवकाला नुसते 'आजारपण' लिहू देऊ नका, रोगाचे नाव सांगा. आणि नोंदणीवाले दारात आले की ती फाईल त्यांच्या हातात द्या, त्यांना पाहिजे ते उतरवून घेऊ द्या आणि फाईल परत ट्रंकेत ठेवा.